मेंढीचा तिसरा महिना

सरकारी कागदावर शेळी आणि मेंढी कायम जोडीने येतात. शेळी-मेंढी विकास, शेळी-मेंढी आरोग्य शिबिर, शेळी-मेंढी लसीकरण. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या नोकरीत मी असेच कागद भरत आले. पीपीआरची लस दोघींना एकच, आंत्रविषाराची एकच, जंताचं औषधही बहुतेक तेच. त्यामुळे कुणाचं फारसं बिघडलं नाही. पण गाभण राहिल्या की दोघींच्या वाटा वेगळ्या होतात, आणि तिथे हा जोडीचा कागद कमी पडतो.

शेळीचा गाभ पाचही महिने तिच्या बीजांडकोशाच्या जिवावर टिकतो. बीजांड सुटल्यावर तिथे एक पिवळसर गाठ उरते, तिला आम्ही पीतपिंड म्हणतो. गाभ धरून ठेवणारं प्रोजेस्टेरॉन शेळीत शेवटपर्यंत तीच गाठ पुरवते. गाठ विरली की शेळी गाभडली. मेंढीचंही सुरुवातीला असंच असतं. मात्र पन्नास-साठ दिवस उलटले की मेंढीची वार स्वतःच पुरेसं प्रोजेस्टेरॉन तयार करू लागते. त्यानंतर दोन्ही बीजांडकोश काढून टाकले तरी मेंढी गाभडत नाही, हे प्रयोगशाळांनी केव्हाच दाखवून दिलं आहे.

माण तालुक्यात असताना एका मेंढपाळाची लहानगी पाठ (कोवळी मेंढी) कळपातल्या मेंढ्याने वेळेआधीच भरवली होती. एवढ्याशा जिवाला व्यायला लावणं त्याला नको होतं, म्हणून त्याने गावातल्या सुई टोचणाऱ्याला गाठलं. सुईवाल्याने शेळीला लागू पडते ती प्रोस्टाग्लँडिनची सुई पाठीला टोचली. काही झालं नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा टोचली. पाठ आपली मजेत चरत होती. "बाई, सुईत पाणी भरलं हुतं का काय?" असं विचारत मेंढपाळ माझ्याकडे आला. सुई खरी होती. पण ती पीतपिंड विरघळवते, आणि या पाठीचा कारभार तोवर वारेच्या हातात गेला होता. तिच्या कासेवरून आणि पोटावरून तिसरा महिना सरत आल्याचं दिसत होतं.

ही गंमत म्हणून सांगितली, पण मला जे म्हणायचं आहे ते याच्याशीच बांधलेलं आहे. मेंढीच्या गाभणकाळात सगळ्यात महत्त्वाचा अवयव वार, आणि आपलं लक्ष तिच्याकडे जातं ती जमिनीवर पडल्यावर. पडली का, अडकली का, कुत्र्याने ओढली का, एवढाच प्रश्न. सल्ल्याची पत्रकं, शिबिरं, खुराकाची भाषा सगळी शेवटच्या महिन्यातली. तोवर वार घडून झालेली असते. सरकारने, पशुवैद्यकांनी आणि मेंढपाळांनीही गाभण मेंढीकडे पाहायची वेळ दीड-दोन महिने अलीकडे आणली पाहिजे.

आधी वार नीट बघू. मेंढी व्याल्यावर पडलेली वार गोणपाटावर पसरली, की पातळ, निसरड्या पडद्यावर तांबड्या-जांभळ्या गुंड्या टाचल्यासारख्या दिसतात. मेंढीत त्या साधारण ७० ते १०० असतात. प्रत्येक गुंडी गर्भाशयाच्या आतल्या एका उंचवट्याला घट्ट बसलेली असते, आणि आईचं व कोकराचं रक्त एकमेकांत न मिसळता तिथे देवघेव चालते. ते उंचवटे मेंढी जन्माला येतानाच घेऊन येते. पुढे कितीही खाऊ घाला, संख्या वाढत नाही. जुळं असेल तर दोघांना त्यातच भागवावं लागतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतलं जुळ्यांचं जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणलं, आणि त्यातून 'नारी सुवर्णा' मेंढी तयार झाली. मोठं काम आहे ते. पण जुळी देणारी मेंढी ज्याने वाड्यात आणली त्याने तिची वार आता दोन घरांचा संसार चालवते आहे, हे पक्कं ध्यानात ठेवावं.

सूक्ष्मदर्शकाखाली या गुंड्या पाहिल्या तर काही पेशींत दोन-दोन केंद्रकं दिसतात. या पेशी वारेच्या, म्हणजे कोकराच्या बाजूच्या. पण त्या तिथेच राहत नाहीत. सरकत जातात आणि आईच्या गर्भाशयाच्या अस्तरातल्या पेशींशी एकरूप होतात. जाताना पोटात हार्मोनचे कण भरून नेतात आणि पलीकडे, आईच्या बाजूला रिते करतात. कॉलेजात हे पहिल्यांदा शिकले तेव्हा मास्तर पुढच्या धड्यावर गेले, मी मात्र त्याच आकृतीवर अडकून बसले होते. जन्माला न आलेलं कोकरू आईच्या शरीरात आपली माणसं पेरतं.

ही पेरणी सुरू होण्याआधी एक निरोप जावा लागतो. मेंढीचा माज साधारण सतराव्या दिवशी परत येतो. गाभ राहिला आहे हे त्याआधी गर्भाशयाला कळलं नाही, तर पीतपिंड विरघळतं आणि सगळं संपतं. केंब्रिजमध्ये मूर आणि रोसन यांनी १९६०च्या दशकात मेंढ्यांमध्ये गर्भ काढून आणि घालून पाहिले, तेव्हा ही मुदत बारा-तेरा दिवसांची असल्याचं त्यांना आढळलं. त्या सुमारास मण्याएवढा गर्भ लांबत जाऊन दोऱ्यासारखा होतो आणि एक प्रथिन सोडतो. १९८७मध्ये कळलं की ते एक प्रकारचं इंटरफेरॉन आहे. विषाणूंशी लढताना शरीर ज्या कुळातली प्रथिनं वापरतं, त्याच कुळातलं. रोगाशी झुंजणाऱ्या घराण्यातला एक भाऊ मेंढीत गाभ राखायच्या कामाला लागला आहे.

पुढे प्लॅसेंटल लॅक्टोजेन येतं. दोन केंद्रकांच्या पेशीच ते बनवतात. तिसऱ्या आठवड्यापासून ते थोडं थोडं मिळू लागतं आणि पाचव्या महिन्यात शिगेला पोहोचतं. आईच्या कासेची तयारी, गर्भाशयाच्या ग्रंथींचं पोषण, आईच्या अंगातली साखर आणि चरबी कोकराकडे कशी वळवायची याचा हिशेब, या सगळ्यात त्याचा हात असतो. कोलोरॅडोत संशोधकांनी मेंढीच्या वारेतलं या हार्मोनचं जनुक दाबून टाकलं, तेव्हा वार आणि गर्भ दोन्ही लहान राहिले. मेंढपाळाच्या भाषेत सांगायचं तर कास भरली नाही, कोकरू किरकोळ निघालं, तर त्याचं मूळ अनेकदा या गुंड्यांत असतं. खापर मात्र शेवटच्या आठवड्यातल्या चाऱ्यावर फुटतं.

आता व्यायची वेळ. ती कोण ठरवतं? गर्भच बाहेर यायची वेळ ठरवतो असं हिप्पोक्रेटिस म्हणून गेला होता. पुरावा यायला विसावं शतक उजाडलं, आणि तो आणला मेंढ्यांनी. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातले मेंढपाळ तक्रार घेऊन सरकारी संशोधकांकडे गेले, की आमच्याकडे एका डोळ्याची कोकरं निपजतात. शोध घेता घेता निघालं, की डोंगरातली व्हेराट्रम नावाची वनस्पती गाभाच्या चौदाव्या दिवसाच्या आसपास खाण्यात आली तर कोकराच्या मेंदूची घडणच बिघडते. अशा काही मेंढ्या दिवस उलटून गेले तरी वीत नसत, कोकरू पोटात वाढतच राही. म्हणजे कळा सुरू करणारं काहीतरी कोकराच्या डोक्यात होतं.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमधले प्रसूतितज्ज्ञ माँट लिगिन्स बायकांच्या अवेळी प्रसूतीचं कारण शोधत होते. त्यांनी मेंढीच्या पोटातल्या कोकराची पीयूषिका ग्रंथी निकामी केली, तर मेंढी वेळेवर व्यालीच नाही. उलट कोकराला कॉर्टिसॉल दिलं, तर ती लवकर व्याली. साखळी अशी आहे: दिवस भरत आले की कोकराच्या अंगात कॉर्टिसॉल वाढतं, त्याने वारेतलं एक एन्झाइम जागं होतं, आणि इतके दिवस गाभ राखणारं प्रोजेस्टेरॉन वार इस्ट्रोजेनकडे वळवू लागते. प्रोजेस्टेरॉन उतरतं, इस्ट्रोजेन चढतं, प्रोस्टाग्लँडिन सुटतं आणि कळा लागतात. जिने गाभ धरला तीच वार तो सोडते, आणि हुकूम कोकराचा.

लिगिन्स यांच्या या प्रयोगांतली एक गोष्ट मला नेहमी भुरळ घालते. इतक्या अपुऱ्या दिवसांची कोकरं जगायची नाहीत, त्यांची फुप्फुसं उघडायचीच नाहीत, असं धरलेलं होतं. पण स्टेरॉइड दिलेली कोकरं श्वास घेत होती. फुप्फुसं उघडून पाहिली तर त्यांत हवा शिरलेली. १९६९मध्ये त्यांनी हे छापलं. १९७२मध्ये बालरोगतज्ज्ञ रॉस होवी यांच्यासोबत २८२ मातांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष आला. अवेळी प्रसूतीच्या वाटेवर असलेल्या आईला बीटामेथासोन दिलं तर बाळाला श्वासाचा त्रास कमी होतो. आज हे जगभर चालतं. आपल्याकडेही २०१४च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी २४ ते ३४ आठवड्यांच्या अवेळी कळांत डेक्सामेथासोन द्यायला सांगितलं आहे, आणि मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी पहिली मात्रा देण्याची मुभा उपकेंद्रातल्या एएनएमलाही दिली आहे. दहिवडीच्या किंवा धडगावच्या एखाद्या बाईचं सातव्या महिन्यातलं बाळ श्वास घेतं, त्यात ऑकलंडच्या मेंढ्यांचा वाटा आहे. मेंढीवरचं संशोधन म्हणजे लोकर आणि मटण, असं समजून कृषी विद्यापीठांच्या पैशाला कात्री लावणाऱ्यांना हे कुणीतरी सांगावं.

मग हेच स्टेरॉइड घेतल्यावर बाई बाळंत का होत नाही आणि मेंढी का व्यायला लागते? कारण बाईच्या वारेत ते एन्झाइमच नाही. कॉर्टिसॉलच्या हुकमावर प्रोजेस्टेरॉन वळवायची सोय या दोघींत फक्त मेंढीच्या वारेकडे आहे. म्हणून माझं एक जुनं भांडण आहे. ताप आला, पाय सुजला, मेंढी मान टाकून बसली, की डेक्साची सुई ठोकणारे लोक प्रत्येक बाजारगावात आहेत. स्टेरॉइडने जनावर तासाभरात तरतरीत दिसतं, पैसे वसूल होतात. शेवटच्या पंधरवड्यातल्या मेंढीला तीच सुई बसली तर दोन-तीन दिवसांत ती विऊ शकते. कोकरू किती दिवसांचं होतं हे सुईवाल्याला ठाऊक नसतं, आणि बऱ्याचदा मालकालाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. मेंढीचा गाभणकाळ साधारण १४७ दिवसांचा. कोकराचं सुमारे ७० टक्के वजन शेवटच्या दीड-दोन महिन्यांत चढतं, आणि म्हणून सगळे तेव्हाच खुराकाचा आग्रह धरतात. तो चुकीचा नाही. पण वारेची वाढ कोकराच्या आधी उरकते. पन्नासाव्या दिवसानंतर ती झपाट्याने वाढते आणि ७५ ते ९० दिवसांच्या सुमारास तिचं वजन जवळजवळ पूर्ण होतं. त्यानंतर तिची आतली वीण बारीक होत जाते, रक्तवाहिन्या वाढतात, हार्मोन वाढतात, पण मूळ आकार तोच राहतो. त्या चाळीस दिवसांत मेंढी उपाशी, आजारी किंवा उन्हात करपत राहिली, तर पुढे पेंडेचं पोतं तिच्यापुढे फोडलं तरी कोकराकडे जाणारी वाट अरुंदच राहणार.

उन्हाचा मुद्दा मी मुद्दाम घालते. कोलोरॅडोतच गाभण मेंढ्यांना ऐन मध्यावर आठवडेच्या आठवडे गरम खोलीत ठेवून पाहिलं गेलं. वार लहान राहिली, आईच्या रक्तातलं लॅक्टोजेन घटलं, कोकरं हलकी निघाली. चारा कमी खाल्ल्याने एवढा फरक पडत नव्हता. उष्णतेचा वेगळा मारा होता. आमची दख्खनी मेंढी काटक आहे, पिढ्यान्‌पिढ्या माळावर तापलेली आहे, तिचं तेवढंच नुकसान होईल असं मी म्हणणार नाही. पण माणच्या माळावर मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, डोहात पाणी नसतं, आणि मेंढरं कोकणातून घाट चढून परत येत असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये भरलेल्या मेंढीचे पन्नास ते ऐंशी दिवस नेमके तेव्हाच येतात. याच मेंढ्या श्रावणात वितात, आणि त्यांची कोकरं लहान का, तर "पावसाळी कोकरू असंच असतंय" असं उत्तर मिळतं. पावसावर ढकललं की प्रश्न मिटतो.

पण नुसतं "तिसऱ्या महिन्यात भरपूर खाऊ घाला" असंही मला लिहायचं नाही. ॲबर्डीनच्या रोवेट इन्स्टिट्यूटमध्ये जॅकलिन वॉलेस यांनी वाढत्या वयाच्या गाभण पाठींना पोटभर, उत्तम खुराक दिला. पाठी फुगल्या, वार मात्र लहान राहिली. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन आणि लॅक्टोजेन कमी, कोकरं लहान आणि दिवसांआधी. पाठ स्वतःच वाढीला लागली की खाल्लेलं सगळं आपल्याच अंगाकडे ओढते. म्हणून कोवळ्या पाठीला भरू देऊ नये, आणि भरलीच तर तिला पेंड चारून लाडावू नये. मोठ्या मेंढीचंही तेच: जिच्या कंबरेवर हात दाबला की मणके बोटांना टोचतात, खुराक तिला हवा. जी मुळातच भरलेली आहे तिला मध्यावर थोडं कमी मिळालं तर फारसं बिघडत नाही. सरसकट दर मेंढीमागे एवढे ग्रॅम, असा फतवा काढणं सोपं. हात लावून निवडणं कष्टाचं, पण चाऱ्याचा पैसा वाचवणारं.

राज्याची राजे यशवंतराव होळकर महामेष योजना वीस मेंढ्या आणि एक मेंढा देते, त्यावर ७५ टक्के अनुदान. जनावरं मोजून द्यायची ही पद्धत मला समजते. हिशेब तपासणाऱ्याला ती दिसते. गाभ त्याला दिसत नाही. याच योजनेत भटक्या मेंढपाळांना जून ते सप्टेंबर असं चराई अनुदान आहे. पावसाळ्यात पेरण्या झाल्या की मेंढरं चारायला जागा उरत नाही, हे त्यामागचं कारण, आणि ते रास्त आहे. जून-जुलैत भरलेल्या मेंढ्यांची वार ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घडते. त्यांना हे अनुदान अगदी वेळेवर मिळतं, कुणी तसं ठरवलं नसलं तरी. मेमधल्या मेंढ्यांना मात्र काही नाही. एप्रिल-मेसाठी वेगळी तरतूद करा, आणि ती रोख देण्यापेक्षा बाभळीच्या शेंगा, मक्याचा भरडा, सरकीची पेंड आणि मुक्कामाच्या जागी पाण्याचा टँकर, अशी द्या. दुपारी अकरा ते चार मेंढरं सावलीला बसवता येतील अशी झाडं असलेली गायरानं या वाटांवर राखीव ठेवा. मेंढरू बसलं की झाड मरतं, हा वन खात्याचा लाडका समज आहे. त्यावर वेगळं लिहीन.

दुसरी गोष्ट तपासणीची. मेंढीच्या पोटावर सोनोग्राफीचं यंत्र लावून दीड महिन्यानंतर गाभ आहे का, एकटं की जुळं, हे मिनिटाभरात सांगता येतं. माणसांच्या सोनोग्राफी यंत्रांवर कडक नोंदणी आहे आणि ती असायलाच हवी. जनावरांसाठीची यंत्रं त्या शिस्तीत कशी बसवायची, हे सरकारने एकदा बसून ठरवावं आणि फिरत्या पथकांना ती द्यावीत. लसीकरणासाठी कळप गोळा होतोच, त्याच दिवशी हे काम होईल. जुळं असलेल्या, बारीक अंगाच्या मेंढ्यांना खुणेचा रंग लावून वेगळं काढलं, की विसातल्या पाच-सहांनाच खुराक लागतो.

यंत्र येईपर्यंत गेरू आहे. मेंढ्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू फासायचा, म्हणजे ज्या मेंढीवर तो चढला तिच्या पाठीवर तांबडा डाग उमटतो. दर पंधरवड्याला रंग बदलायचा. कोणती मेंढी कधी भरली, हे वहीशिवाय दिसतं. परदेशात हे जुनंच तंत्र आहे. आमच्याकडच्या एका मेंढपाळीण बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्यात बी माणसं मेंढरं रंगवत्यात की, बाई, पर ती सणाला." पुढच्या खेपेला गेले तर त्यांच्या मेंढ्याची छाती लाल होती आणि सहा-सात मेंढ्यांच्या पाठी. त्यांतल्या दोन बारक्या मेंढ्यांना त्यांनी संध्याकाळी वाघरीबाहेर काढून मूठमूठ हुलगा द्यायला सुरुवात केली होती, आणि नवऱ्याला हे अजून सांगितलं नव्हतं.